एकास चाळीस

हत्यारांना एकास वीस, हातांना एकास चाळीस,
सिस्टर एस्पेरांसा पहिल्याच दिवशी म्हणाली,
आणि तिच्या कोकणी हेलात पुढं:
मापानं ओत. डोळ्यांनी मापू नको,
डोळे दमले की खोटं सांगतात.

बेळगावचा कॅम्प, लढाईचं पाचवं वर्ष.
कौलारू बराकीत साठ खाटा
आणि ब्रह्मदेशाहून आलेले पाय.
पायच म्हणायचो आम्ही. नावं मागाहून कळायची,
कधी कळायचीही नाहीत.
कार्बोलिकचा वास पार फाटकापर्यंत,
पहाऱ्यावरचा शिपाई तोंड फिरवून उभा.

मी शहापूरची, विणकराची मुलगी.
आईचे हात रंगाच्या हंड्यात कोपरापर्यंत निळे,
माझे दोन महिन्यांत पांढरे पडले,
पेरापेरांत चिरा, रात्री त्यांत तूप भरायचं.
रविवारी घरी गेले की आई म्हणे,
भाकरी तू थापू नको गं, पिठाला दवाखाना लागतो.
मी रागावले नाही.
मलाही तो घासाघासात लागायचा.

दसऱ्यानंतर लायसॉलचे डबे येईनात.
घासलेटही मोजून.
कंग्राळीचा भैरू पहाटे तीनला
तीन दगडांवर हंडा चढवून चादरी उकळी,
ओल्या लाकडांचा धूर, डोळे लाल, तोंडात शिवी.
सिस्टरनं बाटली कुलपात घातली,
लेबलावर शिसपेन्सिलीची रेघ:
संध्याकाळी इथवर, सकाळी इथवर.
पू लागला की पाणी फेकायचं, नवं करायचं, हा नियम.
विहिरीच्या जड पाण्यात लायसॉल पडलं
की ताकासारखं पांढुरकं व्हायचं.
मला ते बघायला आवडे. खरंच आवडे.

ती तिसरी रात्रपाळी.
अकरा नंबरची पट्टी सोडली,
वास नासक्या गुळासारखा, गोड,
माझ्या बोटांपर्यंत आला.
तेवढ्यात बारा नंबर म्हणाला, नीर कोडरी, अक्का.
बेसिन दाराशी, बावीस पावलं.
बारा नंबर तीन पावलं.

पाणी दिलं. त्याची पट्टी सुटली होती,
ती बांधली.
बस, तेवढंच.

मंगळवारी त्याची जखम गुलाबी होती,
सिस्टरच म्हणाली होती, हा चालत घरी जाणार.
पुढच्या सोमवारी तो ताठ झाला.
कागदावर लिहिलं, रक्त दूषित.
कशानं, तो रकाना कागदात नव्हता.

सिस्टरनं कपाट उघडलं.
वहीत त्या रात्रीच्या तारखेवर बोट ठेवलं.
रेघ जिथल्या तिथं.
माझ्याकडं बघितलं नाही तिनं.
दुपारी भैरूला हाक मारून
बेसिनचं टेबल उचलवलं
आणि अकरा-बाराच्या मधे ठेवलं.
टवका उडालेली निळी कड माझ्या बाजूला.

असेल, त्याला आधीच लागलं असेल.
गाडीत, बोटीत, चिखलात.
माझ्या बोटांवरचं एकास किती होतं
हे मापायला मला कुणी शिकवलं नव्हतं.

आठवड्यानं त्याचा भाऊ आला, बैलहोंगलकडनं,
धुळीनं पांढरा, पागोटं हातात.
तेव्हा कळलं, शिवलिंगप्पा.
सामान घेतलं: एक लाकडी फणी, दोन पत्रं, एक बूट.
मग धडप्यातली कडक भाकरी पुढं केली,
आजाऱ्यासाठी घरून आणलेली,
आता कुणाला द्यायची म्हणून मला.

थांबा, म्हटलं.
टेबलाशी गेले. नखांखाली ब्रश.
घड्याळ लावून तीन मिनिटं.
तो तसाच उभा, भाकरी पुढं धरून,
मला वाटतं त्याला काही समजलं नाही,
किंवा समजलं असेल.
चिरांत आग होत होती.

तगोरी, अक्का, तो म्हणाला.

मी ओल्या हातांनी घेतली.